नंबर हा पत्ता नसतोच: इंटरनेटवरून जाणारा कॉल माणसापर्यंत पोहोचतो कसा?

फोन वाजतो आणि तुम्ही उचलायच्या आत बंद पडतो. मिस्ड कॉल. तुम्ही त्याच नंबरवर उलट फोन लावता, तर पलीकडचा माणूस वैतागून म्हणतो, "अहो, मी तुम्हाला फोन केलेलाच नाही! सकाळपासून असं विचारणारे तुम्ही पाचवे." तुमच्या स्क्रीनवर तर त्याचाच नंबर ढळढळीत दिसतोय. मग खोटं कोण बोलतंय? बहुधा तो माणूस खरंच बोलतोय. आणि तुमचा फोनही खोटारडा नाही. त्याला जे लिहून आलं, ते त्याने दाखवलं.

"लिहून आलं" हे मी सहज म्हटलेलं नाही. इंटरनेटच्या तंत्रावर चालणारा कॉल सुरू होतो तो चक्क एका लिखित मजकुराने. त्या मजकुरात एक नाही, चार-पाच पत्ते असतात. दिसायला सगळे एकाच साच्याचे, पण प्रत्येकाचं काम निराळं. कुठला पत्ता कशासाठी आहे हे एकदा कळलं, की बनावट नंबर, अर्ध्या मिनिटात तुटणारे कॉल, "हा नंबर अस्तित्वात नाही" असं अस्तित्वात असलेल्या नंबरबद्दल सांगणारी बाई, ही सगळी कोडी बरीचशी सुटतात.

## घंटी वेगळी, बोलणं वेगळं

प्रत्येक कॉलमध्ये दोन कामं असतात. समोरच्याला शोधायचं, त्याच्याकडे घंटी वाजवायची, त्याने उचलला की इकडे कळवायचं आणि शेवटी कॉल मिटवायचा, हे झालं पहिलं काम. याला सिग्नलिंग म्हणतात. प्रत्यक्ष आवाज इकडून तिकडे वाहून नेणं हे दुसरं. इंटरनेट टेलिफोनीत ही दोन कामं वेगळ्या वाटांनी होऊ शकतात, म्हणून तर घंटी व्यवस्थित वाजते, फोन उचलला जातो आणि मग दोघंही "हॅलो, हॅलो" करत बसतात. या लेखात आपण फक्त पहिल्या कामाबद्दल बोलणार आहोत.

सिग्नलिंगसाठी आज सर्वांत जास्त चालते ती पद्धत म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल. तिचं आद्याक्षरी नाव एसआयपी. या क्षेत्रातली माणसं "सिप" म्हणतात. (दर महिन्याला पैसे गुंतवण्याच्या एसआयपीशी हिचं नावापुरतंच नातं.) १९९६च्या सुमारास मार्क हँडली, हेनिंग शुल्झरिन वगैरे मंडळींनी तिच्यावर काम सुरू केलं. इंटरनेटचे नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था आपले दस्तऐवज क्रमांक घालून प्रसिद्ध करते, त्यांना आरएफसी म्हणतात. सिपचा पहिला आरएफसी १९९९मध्ये आला आणि सुधारून लिहिलेला आरएफसी ३२६१ जून २००२मध्ये. आजही पाया तोच आहे. ऑफिसातल्या टेबलावरचे आयपी फोन सिप बोलतात, आणि तुमचा फोर-जी मोबाइल व्हीओएलटीईवरून, म्हणजे फोर-जीच्या डेटा जाळ्यावरूनच, कॉल लावतो तेव्हा तोही आतून सिपच बोलत असतो. तुम्ही फक्त आकडे दाबता.

## एक पत्ता सोलून पाहू

प्रत्यक्षात हे पत्ते रोमन अक्षरांत असतात. वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत लिहितो. तर हा एक पत्ता:

सिप:आशा@कंपनी.उदाहरण:५०६०;ट्रान्सपोर्ट=टीसीपी

ईमेलसारखा दिसतो, कारण मुद्दामच तसा बेतला आहे. सुरुवातीचं "सिप:" सांगतं की हा कुठल्या जातीचा पत्ता आहे. @ या चिन्हाच्या डावीकडे वापरकर्ता, उजवीकडे डोमेन, म्हणजे तो वापरकर्ता ज्या संस्थेच्या छत्राखाली आहे तिचं नाव. पुढचा आकडा हा पोर्ट, म्हणजे एकाच इमारतीतला खिडकी क्रमांक. सिपची नेहमीची खिडकी ५०६०, आणि कूटबद्ध जोडणीची ५०६१. अर्धविरामानंतर येतात त्या जादा सूचना. त्यांना पॅरामीटर म्हणतात. इथली सूचना अशी, की निरोप टीसीपी या वाहतूक पद्धतीने पाठवा.

व्याकरणात अजून एक जागा आहे: वापरकर्त्याच्या नावापुढे विसर्गासारखं : हे चिन्ह टाकून पासवर्ड लिहायची. नियम लिहिणाऱ्यांनी ही जागा ठेवली आणि त्याच दमात "वापरू नका" असंही लिहून ठेवलं. दारावरच्या पाटीलाच किल्ली टांगण्याचा हा प्रकार आहे, तेव्हा विसरलेलाच बरा.

इथे एक नियम मात्र मनात पक्का बसवून ठेवा, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. @च्या डावीकडे काय लिहिलंय ते फक्त उजवीकडच्याने वाचायचं. वाटेतल्या यंत्रांनी "आशा" म्हणजे कोण याचा विचार करायचा नाही. त्यांनी फक्त "कंपनी.उदाहरण" कुठे आहे ते शोधायचं आणि निरोप तिथल्या दारात टाकायचा. आत आशा नावाची व्यक्ती आहे, विभाग आहे की नुसतं एक उत्तर देणारं यंत्र आहे, हा त्या घरचा अंतर्गत मामला.

## मग माझा दहा-बारा आकडी नंबर कुठे बसतो?

फोन नंबरसाठी वेगळी जात आहे, "टेल". तिचा सध्याचा नियम २००४च्या आरएफसी ३९६६मध्ये आहे.

टेल:+१-२०१-५५५-०१२३

यात @ नाही, डोमेन नाही, पोर्ट नाही. हा पत्ता "कोण" एवढंच सांगतो. "कुठे" याबद्दल चकार शब्द नाही. म्हणूनच मी शीर्षकात म्हटलं की नंबर हा पत्ता नसतोच. ते एक नाव आहे, आकड्यांत लिहिलेलं.

सुरुवातीचं अधिक चिन्ह फार मोलाचं. अधिक असेल तर तो नंबर जगात कुठूनही वाचला तरी एकच. अशा नंबरांचा साचा आयटीयू या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ई.१६४ या शिफारशीत ठरवला आहे: आधी एक ते तीन आकडी देशक्रमांक, मग पुढचे आकडे, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त १५. मधल्या आडव्या रेघा, टिंबं, कंस हे माणसाच्या डोळ्यांसाठी. दोन नंबर सारखे आहेत का हे पाहताना यंत्र ते गाळून टाकतं.

अधिक नसेल तर नंबर स्थानिक ठरतो, आणि स्थानिक नंबर एकटा फिरू शकत नाही. "२१७" हे एका कचेरीत हिशेबनिसाचं एक्स्टेन्शन असेल, दुसरीत पहारेकऱ्याचं. म्हणून नियम म्हणतो की अशा नंबरासोबत संदर्भ जोडलाच पाहिजे:

टेल:२१७;फोन-कॉन्टेक्स्ट=कंपनी.उदाहरण

नुसतं "धाकटी मावशी" म्हटलं तर कुणाची, हा प्रश्न उरतोच ना, तसंच हे. संदर्भ न देता आलेले स्थानिक नंबर ही या व्यवसायातल्या डोकेदुखीची अक्षय खाण आहे.

आता गंमत. नुसत्या नावावर निरोप पाठवता येत नाही, कुणाकडे तरी चौकशी करावीच लागते. म्हणून प्रत्यक्ष प्रवासात टेल पत्त्याला बहुतेक वेळा सिपचा पोशाख चढवला जातो:

सिप:+१२०१५५५०१२३@सेवादाता.उदाहरण;यूजर=फोन

याचा अर्थ असा: "सेवादात्याच्या दारात जा आणि विचारा, हा नंबर कुठे मिळेल?" शेवटची यूजर=फोन ही सूचना सांगते की डावीकडचे आकडे हा खरा फोन नंबर आहे. ती नसेल तर कागदोपत्री ते फक्त आकड्यांनी बनलेलं एक टोपणनाव ठरतं. व्यवहारात बरीच यंत्रं आकडे दिसले की नंबरच समजतात. नियम आणि वहिवाट यांच्यातली ही फट जिथे तिथे भेटते.

फोनवरची चौकट, म्हणजे # हे चिन्ह, हिचा किस्सा वेगळाच. सिप पत्त्यात # तशी लिहायला परवानगी नाही. तिच्या जागी %२३ असं सांकेतिक रूप लिहावं लागतं. तारा, म्हणजे *, मात्र चालतो. त्यामुळे "*२१#" असा सुविधा-कोड दाबला, की नियम पाळणारा फोन "*२१%२३" पाठवतो. पलीकडच्या यंत्राने ते उलगडून वाचायला हवं. ते आळशी असेल तर त्याला "टक्के दोन तीन" असा अगम्य शेपटा दिसतो आणि ते ४०४ पाठवून मोकळं होतं. हो, इंटरनेटवर पान सापडलं नाही की दिसतो तोच ४०४. सिपने उत्तरांचे आकडे वेबकडूनच उचलले आहेत. आकडे कमी पडले तर ४८४, म्हणजे "पत्ता अपुरा". टेल ही जातच कळत नसेल तर ४१६. तुमच्यापर्यंत मात्र यातलं काहीच येत नाही. तुम्हाला ऐकू येते ती तीच ती गोड आवाजातली ध्वनिमुद्रित बाई.

## नाव एक, मुक्काम अनेक

सिपमधली सर्वांत हुशार कल्पना इथे आहे. आशाचा "सिप:आशा@कंपनी.उदाहरण" हा पत्ता वर्षानुवर्षं तोच राहतो. त्याला नोंदपत्ता म्हणू. पण आशा एका जागी कुठे असते? सकाळी तिचा लॅपटॉप घरच्या वायफायवर, दुपारी टेबलावरचा फोन, प्रवासात मोबाइल. प्रत्येक उपकरणाचा त्या क्षणीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यातला आकडी पत्ता, वेगळा.

म्हणून प्रत्येक उपकरण चालू झालं की कंपनीच्या नोंदणी यंत्राकडे एक निरोप पाठवतं. निरोपाचं नावच रजिस्टर. मजकूर साधारण असा: "आशासाठी आलेले कॉल पुढचा तासभर माझ्याकडे, म्हणजे या आयपी पत्त्यावर पाठवा." मुदत दिलीच नसेल तर यंत्र ती स्वतः ठरवतं; चुकीच्या रूपात लिहिली असेल तर ३६०० सेकंद धरावी, असं नियमातच सुचवलं आहे. मुदत संपायच्या आत उपकरणाने पुन्हा हजेरी लावायची. नाही लावली, तर नोंद पुसली जाते आणि फोन करणाऱ्याला ४८० हे उत्तर जातं: माणूस आहे, सध्या सापडत नाही.

एकाच नोंदपत्त्याखाली तीन मुक्काम नोंदले असतील तर तिन्ही उपकरणं एकदम वाजवता येतात. लॅपटॉप, टेबलफोन आणि मोबाइल एकाच वेळी कोकलू लागले, की समजा तीन नोंदी जाग्या आहेत.

तेव्हा एकाच "सिप:" साच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लिहिल्या जातात: माणसाचं कायमचं नाव आणि उपकरणाचा तात्पुरता मुक्काम. नवख्यांचा घोळ होतो तो इथेच. मुक्कामाचा पत्ता कुणी जपून ठेवला आणि उद्या त्यावर फोन लावला, तर तो भलत्याच यंत्रावर जाऊन धडकेल.

## एका पाकिटावर इतके पत्ते?

आता विनयला आशा फोन करते. तिच्या फोनमधून निघालेल्या निरोपाची सुरुवात, थोडी काटछाट करून, अशी दिसेल:

इन्व्हाइट सिप:विनय@कंपनी.उदाहरण सिप/२.०
टू: <सिप:विनय@कंपनी.उदाहरण>
फ्रॉम: "आशा" <सिप:आशा@कंपनी.उदाहरण>;टॅग=७६४१
कॉन्टॅक्ट: <सिप:आशा@१९२.०.२.१०:५०६०>

पहिल्या ओळीतला पत्ता हा खरा चालक. वाटेतली यंत्रं तोच पाहून निरोप पुढे ढकलतात आणि गरज पडेल तसा बदलतात. विनयच्या कंपनीचं यंत्र तिथे त्याच्या उपकरणाचा चालू मुक्काम लिहील. विनयने फोन उचलला नाही, तर तिथे व्हॉइसमेलचा पत्ता लिहील.

"टू" ही ओळ मात्र कुणी बदलायची नाही. मूळ कॉल कुणासाठी होता याची ती खूण. ती पाहून रस्ता ठरत नाही! पत्राच्या आत "प्रिय विनयस" असं लिहिलेलं असतं, पण पोस्टमन ते वाचून पत्र टाकत नाही. तो पाकिटावरचं वाचतो. व्हॉइसमेलवर गेलेल्या कॉलमध्ये पहिली ओळ म्हणते व्हॉइसमेल, आणि "टू" अजूनही म्हणते विनय. हा विरोधाभास नाही, हीच योजना आहे.

"फ्रॉम" म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःबद्दल लिहिलेलं. अवतरणचिन्हांत दिसणारं नाव आणि त्यापुढचा पत्ता, दोन्ही त्यानेच लिहिलेलं. यावर पुन्हा येऊ.

"कॉन्टॅक्ट" म्हणजे "आता माझ्याशी थेट बोलायचं असेल तर मी इथे आहे". कॉल जुळल्यावरचे पुढचे निरोप, अगदी कॉल बंद करण्याचा निरोपसुद्धा, याच पत्त्याकडे काढलेले असतात. शिवाय वाटेतलं प्रत्येक यंत्र "व्हाया" नावाची आपली ओळ वर चिकटवत जातं, आणि उत्तर त्याच ओळी एकेक सोलत आल्या वाटेने परत येतं. निरोप कुठल्या रस्त्याने हिंडून आला हे पाहायचं तर तंत्रज्ञ आधी त्या ओळी वाचतात.

## कोनी कंसाचा प्रताप

वरच्या नमुन्यात पत्त्याभोवती < > असे कोनी कंस आहेत. शोभेचे वाटतात. नाहीत. पुढच्या दोन ओळी नीट पाहा:

कॉन्टॅक्ट: <सिप:आशा@१९२.०.२.१०;ट्रान्सपोर्ट=टीसीपी>
कॉन्टॅक्ट: सिप:आशा@१९२.०.२.१०;ट्रान्सपोर्ट=टीसीपी

पहिल्या ओळीत ट्रान्सपोर्टची सूचना पत्त्याची आहे. दुसऱ्या ओळीत कंस नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे अर्धविरामापासून पुढचं सगळं पत्त्याचं न राहता त्या ओळीचं होतं. पलीकडचं यंत्र पत्ता उचलतं, तेव्हा त्याच्या हाती फक्त "सिप:आशा@१९२.०.२.१०" एवढंच येतं. वाहतुकीची पद्धत सांगितलेली नाही, मग ते यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने निरोप पाठवतं. आशाचा फोन मात्र टीसीपीच्या खिडकीत कान लावून बसलेला. यंत्र बोलतंय, फोन ऐकतोय, आणि दोघांची गाठ काही पडत नाही.

उलटी चूकही तितकीच घातक. वर "फ्रॉम" ओळीतली टॅग ही खूण कंसाच्या बाहेर आहे. एकाच वेळी चाललेल्या अनेक कॉलमधून हा कॉल ओळखायला ती लागते. कुणी ती कंसाच्या आत लिहिली, तर ती पत्त्याचा भाग बनते आणि समोरच्याला खूण सापडतच नाही. "मारू नका, सोडा" आणि "मारू, नका सोडा" यातला स्वल्पविराम जे करतो, तेच इथे दोन कंस करतात. पत्त्यात स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह किंवा अर्धविराम असेल तर कंस सक्तीचे आहेत. माझं मत विचाराल तर नसला तरी घालावेत.

## हे दोन पत्ते एकच आहेत का?

प्रश्न भाबडा वाटतो, पण नोंदणी यंत्राला तो रोज पडतो: ही जुनीच नोंद आहे की नवी? नियम असे. डोमेनमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक धरायचा नाही. @च्या डावीकडे मात्र धरायचा. "सिप" आणि तिची सुरक्षित बहीण "सिप्स" या कधीच समान नाहीत.

सगळ्यात चकवणारा नियम पोर्टचा. "सिप:विनय@कंपनी.उदाहरण" आणि "सिप:विनय@कंपनी.उदाहरण:५०६०" हे दोन पत्ते वेगळे मानले जातात. नेहमीची खिडकी ५०६०च आहे ना? आहे. पण पोर्ट लिहिलेला नसतो, तेव्हा यंत्र आधी डीएनएसला, म्हणजे डोमेन नावांच्या जागतिक निर्देशिकेला, विचारतं की या डोमेनचे फोन कोणतं यंत्र सांभाळतं आणि कुठल्या खिडकीत. उत्तर ५०८० असंही येऊ शकतं. पोर्ट लिहिलेला असेल तर ती चौकशी वगळली जाते. म्हणजे दोन पत्ते दोन वेगळ्या यंत्रांवर नेऊ शकतात, मग समान कसे म्हणणार?

आणखी एक चमत्कार. सिपला अनोळखी असलेली एखादी सूचना एका पत्त्यात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर तुलनेत ती सोडून द्यायची. दोन्हींत असेल तर मात्र जुळली पाहिजे. परिणाम? साधा पत्ता हा "रंग=लाल" जोडलेल्या पत्त्याएवढाच, आणि "रंग=निळा" जोडलेल्याएवढाही. पण लाल आणि निळा एकमेकांशी समान नाहीत. शाळेत शिकलेलं "अ बरोबर ब, ब बरोबर क, म्हणून अ बरोबर क" इथे चालत नाही, आणि ते चालत नाही असं आरएफसीतच नमूद केलेलं आहे.

नंबरावरून थेट डोमेन काढायचीही एक देखणी युक्ती आहे, एनम नावाची. नंबराचे आकडे उलटे करायचे, मध्ये टिंबं द्यायची आणि पुढे "ई१६४.आर्पा" जोडायचं. +१-२०१-५५५-०१२३ चं होतं ३.२.१.०.५.५.५.१.०.२.१.ई१६४.आर्पा. उलटे अशासाठी, की डोमेन नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं आणि देशक्रमांक आधी वाचायला हवा. सर्वांसाठी खुली अशी ही निर्देशिका जगभर काही रुजली नाही. कंपन्या आपापसात खासगी निर्देशिका म्हणून ही युक्ती वापरतात.

## "फोन लागतो, पण अर्ध्या मिनिटात तुटतो"

ही तक्रार मी एकदा एका छोट्या कचेरीत स्वतः ऐकली. नेटचा वेग बदलून झाला, फोन बदलून झाला, तारा बदलून झाल्या. शेवटी कुणीतरी घड्याळ लावलं. प्रत्येक कॉल बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला तुटत होता. इंटरनेटची रडारड असती तर एकदा दहाला, एकदा पन्नासला तुटला असता. इतका वक्तशीरपणा म्हणजे कुणीतरी आत नियम पाळतंय.

होतं असं. तुम्ही फोन उचलता तेव्हा तुमचं उपकरण "उचलला" असा निरोप पाठवतं आणि त्यावर पोच मागतं. पोच येईपर्यंत ते तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. किती वेळ? मूळ एकक अर्ध्या सेकंदाचं, त्याच्या ६४ पट: ३२ सेकंद. तरीही पोच नाही आली, तर समोरचा गेला असं समजून ते कॉल बंद करतं.

पोच का येत नव्हती? कारण ती "कॉन्टॅक्ट"मध्ये लिहिलेल्या पत्त्यावर जाते, आणि फोनने तिथे १९२.१६८ने सुरू होणारा आपला अंतर्गत पत्ता लिहिला होता. असे पत्ते राउटरच्या आतल्या जाळ्यापुरते असतात. बाहेरच्या जगाला ते "मधल्या खोलीत, खिडकीजवळ" असं लिहिल्यासारखे. आवाज मात्र वेगळ्या वाटेने छान येत होता, म्हणून सगळे आवाजाच्या वाटेकडेच पाहत राहिले. फोनच्या सेटिंगमध्ये बाहेरचा खरा पत्ता घातल्यावर कॉल टिकायला लागले.

## शंका: "फ्रॉम" खोटं लिहिता येतं, तर अडवत का नाहीत?

कारण कधीकधी "फ्रॉम" वेगळं लिहिणं रास्त असतं. डॉक्टर स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो, पण रुग्णाला दवाखान्याचा नंबर दिसावा असं त्याला वाटतं. शंभर माणसांच्या मदतकेंद्रातून कुणीही फोन केला तरी एकच नंबर दिसावा लागतो. तेव्हा "फ्रॉम आणि खरा उगम जुळलाच पाहिजे" अशी सरधोपट सक्ती करता येत नाही.

पहिला उपाय २००२मध्ये आला. सेवादाता आपल्या ग्राहकाला ओळखपाळख करूनच आत घेतो, म्हणून त्याने "हा खरा कोण" हे वेगळ्या ओळीत लिहायचं. तिचं नाव पी-असर्टेड-आयडेंटिटी. ग्राहकाने नाव लपवायला सांगितलं असेल तर "फ्रॉम"मध्ये "अनॉनिमस@अनॉनिमस.इनव्हॅलिड" असा, कधीच कुठेही न पोहोचणारा पत्ता जातो, पण खरी ओळख या दुसऱ्या ओळीत सेवादात्यांच्या आपसात फिरत राहते आणि तुमच्या दारात येण्याआधी पुसली जाते. म्हणजे "प्रायव्हेट नंबर" हा तुमच्यापासून लपवलेला असतो, जाळ्यापासून असेलच असं नाही. या उपायाची मेख अशी, की तो ओळखीच्या, एकमेकांवर विश्वास असलेल्या सेवादात्यांमध्येच चालतो. साखळीत एक लबाड शिरला की संपलं.

दुसरा उपाय डिजिटल सहीचा. २०१८मध्ये त्याचे आरएफसी आले. कॉल जिथून निघतो तो सेवादाता नंबरावर कूटबद्ध सही करतो आणि पोहोचवणारा सेवादाता ती तपासतो. स्टर आणि शेकन या नावांनी ही योजना ओळखली जाते. सहीचे तीन दर्जे आहेत. ए म्हणजे ग्राहक माहीत आहे आणि हा नंबर वापरायचा त्याचा हक्कही माहीत आहे. बी म्हणजे ग्राहक माहीत आहे, नंबराचं ठाऊक नाही. सी म्हणजे कॉल कुठून आत शिरला एवढंच सांगू शकतो. अमेरिकेने २०१९च्या अखेरीस त्यासाठी कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांना आयपी जाळ्यांवर ही योजना लागू करायला ३० जून २०२१ ही मुदत घातली.

तरी भोक उरतंच. वाटेत एखादा जुन्या पद्धतीच्या एक्स्चेंजचा टप्पा लागला, की सही तिथेच गळून पडते; ती वाहून न्यायला त्या यंत्रणेत जागाच नाही. आणि ए दर्जाची सही "हा नंबर याचाच" एवढंच सांगते. माणूस भला आहे असं ती म्हणत नाही.

## शंका: मग "सिप्स" वापरलं की झालं ना?

सिप्स पत्त्यावर पाठवलेला निरोप वाटेत कूटबद्ध जातो. पण टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यावरचं यंत्र तो उघडतं, वाचतं, पुन्हा बंद करून पुढे देतं. न वाचता रस्ता तरी कसा ठरवणार? म्हणजे रस्त्यावरच्या चोरट्यापासून बचाव होतो, वाटेतल्या टपालघरांपासून नाही. आणि हे झालं सिग्नलिंगचं. आवाज कूटबद्ध करायची सोय वेगळी करावी लागते.

## शंका: नंबर टाकून सगळ्यांनी ईमेलसारखे पत्ते का नाही घेतले?

एक कारण अगदी कोरडं आहे: जुन्या फोनवर बारा बटणं असतात आणि त्यांत @ नाही. जगातल्या कुठल्याही फोनवरून लागेल अशी एकच गोष्ट आजही नंबर. दुसरं असं की सेवादाते अनोळखी डोमेनकडून कॉल स्वीकारायला राजी नसतात. ईमेलने दार सताड उघडं ठेवलं आणि कचऱ्याने घर भरलं, हे सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून आतून सगळं सिप असूनही बाहेरून सगळ्यांनी नंबराचाच मुखवटा चढवून ठेवला आहे.

एक ठिकाण असं आहे जिथे नंबरसुद्धा अपुरा पडतो, ते म्हणजे आणीबाणीचा कॉल. कुठे ११२, कुठे ९११, कुठे आणखी काही. परक्या देशात गेलेल्या फोनने कुठला लावायचा? २००८मध्ये त्यासाठी तिसऱ्याच जातीचा पत्ता ठरवला गेला: "यूआरएन:सर्व्हिस:एसओएस". यात ना माणूस, ना डोमेन, ना आकडे. "मदत पाहिजे" एवढंच. जवळचं केंद्र कोणतं ते कॉल करणाऱ्याच्या ठिकाणावरून जाळं ठरवतं.

## तर मग तो मिस्ड कॉल?

ज्याने कुणी तो केला, त्याने "फ्रॉम" ओळीत दुसऱ्याच कुणाचा नंबर लिहिला आणि त्याच्या सेवादात्याने तो तपासला नाही. तुमच्या फोनने ती ओळ जशीच्या तशी स्क्रीनवर उतरवली. कॉल चालू असता तर त्याचे पुढचे निरोप "कॉन्टॅक्ट"च्या वाटेने खऱ्या यंत्राकडे गेले असते. पण कॉल तुटला आणि ती वाट त्याच्यासोबत पुसली गेली. तुमच्या हाती उरलं फक्त ते आकडी नाव. तुम्ही त्यावर उलट फोन लावलात, तेव्हा एक कोरा, नवा निरोप तयार झाला. त्याच्या पहिल्या ओळीत तो नंबर गेला, जाळ्याने त्याचा खरा मालक शोधला, त्याच्या नोंदवलेल्या मुक्कामावर घंटी वाजवली. सगळ्या यंत्रांनी आपापलं काम चोख केलं, आणि तो बिचारा सकाळपासून पाचव्यांदा फोन उचलून म्हणाला, "अहो, मी नाही केला."